खंड्याला पोत्यात घालू नका

वाचकाचे पत्र :

सप्रेम नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील आहे आणि दहावीपर्यंत शिकले आहे. गेली अकरा वर्षे आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जात होतो. मागच्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढताना फळी सरकली आणि यांचा पाय मांडीत मोडला. आत सळई टाकली आहे, अजून काठीशिवाय चालता येत नाही. घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटलेली नाही. म्हणून दसरा झाला की मी दिराच्या टोळीबरोबर अर्धा कोयता म्हणून, म्हणजे जोडीशिवाय एकटीच, जाणार आहे. यंदा टोळी पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या बाजूला जाणार आहे. मुलगा सहावीत आहे. तो आजी आणि वडिलांजवळ गावात राहील असे ठरले आहे.

प्रश्न त्याच्या कुत्र्याचा आहे. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या वाटेवर सापडलेले पिल्लू त्याने वाढवले, त्याचे नाव खंड्या. यांचा पाय मोडल्यापासून मुलगा घरात फारसा कोणाशी बोलत नाही, पण खंड्याशी तासन्‌तास बोलतो. शाळेतली अर्धी खिचडी रुमालात बांधून त्याच्यासाठी आणतो. सासूबाई माळकरी आहेत, कुत्रे घरात शिरलेले त्यांना चालत नाही आणि माणसांनाच पुरेना तर कुत्र्याला कुठून घालू, असे त्या म्हणतात. दीर म्हणाले, पोत्यात घालून घाटापलीकडे सोडून येतो, पोराला सांगू की पळून गेला. ते मुलाने ऐकले. त्या रात्री तो खंड्याला घेऊन शेतातल्या पडक्या विहिरीजवळ जाऊन बसला, पहाटे सापडला. माझा जीव गेला होता, मी त्याला मारले. तो रडला नाही. एवढेच म्हणाला, “मग मला बी तिथंच सोडा.” आता म्हणतो की खंड्याला तुझ्याबरोबर ने, तो तुझी राखण करील. मी माझ्या नवऱ्याला विचारले तर ते म्हणाले, “पोराला विचारा.”

मी काय करावे? न सांगता कुत्रा सोडून दिला तर मुलगा काही दिवसांत विसरेल का? आणि आमच्यासारख्यांनी मुलाला जनावराचा इतका लळा लागू दिला, ही माझी चूक झाली का?

उत्तर :

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण ते ओझे मनावर घेऊन तुम्हाला उसाच्या फडात जावे लागू नये असे मला वाटते. मुलाला खंड्याचा लळा लागू दिलात ही चूक नाही. ज्या वर्षात वडील अंथरुणाला खिळले, घरावर उचलीचे कर्ज राहिले आणि आईने एकटीने कोयता धरायचे ठरवले, ते वर्ष अकरा-बारा वर्षांच्या मुलाने या कुत्र्याच्या आधाराने काढले आहे. घरात जो तो आपापल्या काळजीने गप्प होता, तेव्हा त्याचे ऐकून घेणारे कोणीतरी त्याला मिळाले. तो घरात बोलत नाही आणि कुत्र्याशी बोलतो याची तुम्हाला चिंता वाटते, पण माझ्या मते तो अजून बोलतो आहे हीच मोठी गोष्ट आहे.

आता माझे मत सरळ सांगते. खंड्याला पोत्यात घालून घाटापलीकडे सोडू नका, टोळीबरोबरही नेऊ नका. त्याला गावात, घरीच राहू द्या. मुलाला सगळे खरे सांगा आणि खंड्याला कसे सांभाळायचे हे त्याच्याशी बसून ठरवा. हे कसे जमेल ते पुढे लिहिते, पण त्याआधी त्याच्या दोन वाक्यांकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे, कारण तुम्ही ती दोन्ही हट्ट म्हणून ऐकलीत, असे पत्रावरून जाणवते.

“मग मला बी तिथंच सोडा,” हे त्याचे पहिले वाक्य. त्या रात्री मुलाने काय ऐकले याचा विचार करा. त्याने आजी आणि काकांच्या तोंडून ऐकले की घरात खाणारी तोंडे जास्त आहेत आणि जे कमावत नाही त्याला दूर नेऊन सोडायचे आहे. घरात न कमावणारा खंड्या एकटाच नाही. मुलगा कमावत नाही, आजी कमावत नाही, आणि मागच्या हंगामापर्यंत घराचा आधार असलेले वडील आज काठीवर आहेत. मोठ्या माणसांना कुत्रा वेगळा आणि माणूस वेगळा हे इतके उघड वाटते की ते बोलून दाखवावे असे कोणाच्या मनात येत नाही, पण मुलाच्या मनात ही रेघ इतकी स्पष्ट नसते. त्यातच त्याची आई घर सोडून सहा महिने दूर जाणार आहे. खंड्याबद्दल तुम्ही जो निर्णय घ्याल तो मुलगा स्वतःबद्दलचा निर्णय म्हणून ऐकेल, आणि ओसरीवर बसलेले तुमचे यजमानही तो ऐकतील. “पोराला विचारा,” एवढेच ते म्हणाले, ते तुम्ही टाळाटाळ म्हणून घेऊ नका. या साऱ्या गोंधळात मुलाचे मत विचारावे असे सुचलेला माणूस तोच एक होता.

दुसरे वाक्य मला अधिक हलवून गेले. “खंड्याला तुझ्याबरोबर ने, तो तुझी राखण करील.” ज्या कुत्र्यासाठी तो रात्रभर विहिरीजवळ बसला, जो कुत्रा सोडून त्याच्याजवळ दुसरे काही नाही, तोच कुत्रा तो सहा महिन्यांसाठी तुम्हाला देऊ करतो आहे. मागच्या हंगामात वडील धडधाकट गेले आणि मोडलेला पाय घेऊन परत आले, हे त्याने पाहिले आहे, आणि आता आई एकटी जाणार आहे. त्या भीतीवर त्याने आपल्या परीने उपाय शोधला आहे. तुम्ही दुसरे काहीही करण्याआधी त्याला जवळ घ्या आणि सांगा की तू माझ्यासाठी खंड्या द्यायला निघालास हे मला कळले. मारल्याबद्दल वाईट वाटले असेल तर तेही त्याच वेळी सांगून टाका. आईने तसे सांगितल्याने मुलाच्या मनातला तिचा मान कमी होत नाही.

न सांगता सोडून दिला तर तो विसरेल का, असे तुम्ही विचारता. या प्रश्नाला मी माझ्या घरातली गोष्ट सांगून उत्तर देते. 1972 च्या दुष्काळात आम्ही गाव सोडून पाझर तलावाच्या कामावर राहायला गेलो. आई-वडील खडी फोडत, रेशनवर मिलो ही परदेशी ज्वारी मिळे आणि आम्हा मुलांना सुकडी हा पौष्टिक पिठाचा खाऊ वाटला जाई. माझा थोरला भाऊ तेव्हा तुमच्या मुलाएवढाच होता आणि त्याचा मोत्या नावाचा कुत्रा होता. निघण्याच्या आदल्या बाजारच्या दिवशी चुलत्यांनी मोत्याला बैलगाडीत घालून बाजारगावी नेऊन सोडले आणि घरी सर्वांनी ठरवून सांगितले की तो पळून गेला. भाऊ कामावरूनही बरेच दिवस वाटेकडे पाहत असे आणि सुकडीतली मूठभर सदऱ्याच्या खिशात ठेवत असे. पुढे दोन वर्षांनी बाजारात एका दुकानदाराने सहज सांगितले की तुमचा तो तांबडा कुत्रा गाड्या सुटण्याच्या जागेवर कितीतरी दिवस बसून होता. भाऊ घरी येऊन काहीच बोलला नाही, भांडला नाही की रडला नाही. पण त्यानंतर एकदा आई इस्पितळात होती आणि वडील म्हणाले, “काळजी करू नको, बरी होईल,” तेव्हा तो मुकाट्याने उठला, चार मैल चालत इस्पितळात गेला आणि परिचारिकेला विचारून आला. आई बरी झाली. वडिलांनी सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला विचारून घ्यायची त्याची सवय मात्र वडील असेपर्यंत गेली नाही. माझे वडील वाईट नव्हते, ताई. दुष्काळात मुलाला आणखी एक दुःख नको म्हणून ते खोटे बोलले होते. तुमचा मुलगा तर तुमचा बेत आधीच ऐकून बसला आहे, म्हणजे “पळून गेला” हे त्याला सांगताना तुम्हालाही ठाऊक असेल की त्याला खरे माहीत आहे.

घाटापलीकडे सोडलेल्या कुत्र्याचे काय होते तेही सांगायला हवे, कारण “कुठेतरी जगेल” हे समाधान खरे नाही. प्रत्येक गावाच्या, ढाब्याच्या, नाक्याच्या कुत्र्यांची आपापली हद्द असते आणि बाहेरून आलेल्या कुत्र्याला ती टिकू देत नाहीत. माणसाच्या हातून खाण्याची सवय असलेला खंड्या प्रत्येक थांबलेल्या गाडीजवळ जाईल, आणि घाटाच्या रस्त्यावर त्याचा शेवट कसा होतो हे तुम्ही-आम्ही पाहतोच. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे आणि त्याच्या 11 व्या कलमानुसार, सबळ कारण नसताना जनावराला उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. हे तुमच्या दिरांना धमकी म्हणून ऐकवू नका. यंदा त्यांच्याच आधाराने तुम्ही जाणार आहात आणि त्यांनी सुचवले तेही त्यांच्या दृष्टीने घराचा भार हलका करण्यासाठीच सुचवले. एवढेच म्हणा की भाऊजी, मुलाला आम्ही शब्द दिला आहे, आता तो विषय बंद. शब्द दिला म्हटल्यावर आपल्याकडे सहसा कोणी पुढे रेटत नाही.

आता मुलाच्या सूचनेकडे वळते. त्याने सुचवले ते वेडगळ नाही. पावसाळ्यानंतर खाली उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या तांड्यांबरोबर, कुत्री असतात, बैलगाडीच्या टोळ्यांमधल्या कोपींसमोर, म्हणजे झोपड्यांसमोरही बैलांच्या राखणीला कुत्री दिसतात, आणि तुमच्या मुलाने ती पाहिलेली असणार. पण तुम्ही ज्या भागात जात आहात तिथे ही राखण कुत्र्याच्या जिवावर बेतते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबटे उसातच राहतात, उसातच वितात आणि तोडणीच्या दिवसांत फडात त्यांची पिल्ले सापडतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभे करावे लागले, ते याच भागात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. कोपीबाहेर दोरीने बांधलेला खंड्या पळू शकणार नाही, आणि त्याच्या वासाने बिबट्या कोपीच्या दाराशी येईल, जिथे टोळीतली लहान मुले झोपलेली असतात. मुलाला हे असेच, न घाबरवता पण न लपवता सांगा. “कुत्र्याला कशाला न्यायचे,” असे म्हटले तर त्याला ते आणखी एक नकार वाटेल, आणि “तिथे खंड्याचा जीव जाईल” हे त्याला लगेच पटेल. त्याच्या काळजीलाही उत्तर द्या. अंधारात मी एकटी फडाच्या कडेला जाणार नाही, बाहेर जायचे झाले तर टोळीतल्या बायकांबरोबर आणि बॅटरी घेऊन जाईन, फळीवरून मोळी चढवताना आधी फळी दाबून पाहीन, असे त्याला नेमके सांगा. आणि खरोखरच तसे करा, ताई.

म्हणजे प्रश्न उरतो तो भाकरीचा, आणि सासूबाईंचा. भाकरीचा हिशेब मी मांडून पाहिला, कारण तुम्हाला खर्चाविषयी गोड बोलून भागणार नाही. खंड्याएवढ्या गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण तीन भाकरी लागतात, म्हणजे महिन्याला बारा-तेरा किलो ज्वारी किंवा बाजरी. किलोला तीस-पस्तीस रुपये धरले तर महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास खर्च येतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ होऊन तो टनाला 366 रुपये झाला. म्हणजे त्या दराने खंड्याच्या एका महिन्याच्या भाकरीसाठी साधारण एक टनाहून थोडा अधिक ऊस तोडावा लागतो, आणि एकट्या बाईला एक टन ऊस तोडणे म्हणजे पूर्ण दिवसाची हाडे मोडणे आहे. महिन्यातला एक दिवस कुत्र्यासाठी राबायचे का, हे तुम्हीच ठरवायचे आहे आणि कोणी बाहेरच्याने त्यावर शहाणपण सांगू नये. पण हा खर्च बराचसा खाली आणता येईल असे मला वाटते.

पहिला मार्ग शाळेचा आहे. ऊसतोड मजुरांची मुले गावात राहावीत म्हणून समग्र शिक्षा योजनेतून हंगामी वसतिगृहे चालतात, आणि बहुतेक ठिकाणी ती गावच्याच शाळेत असतात. मुलांना तिथे जेवण मिळते आणि रात्री ती आजी-आजोबांकडे झोपायला जातात. दसऱ्याची वाट न पाहता मुख्याध्यापकांना आजच भेटा. वडील घरी असले तरी ते जायबंदी आहेत आणि आई स्थलांतर करणार आहे, हे स्पष्ट सांगून मुलाचे नाव यादीत घेण्याची विनंती करा. दुपारची खिचडी शाळेत आहेच. सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय झाली तर सासूबाईंच्या चुलीवरचा भार कमी होईल, आणि तेवढ्यात खंड्याची एखादी भाकरी सहज निघेल. शाळेत शिजवणाऱ्या बाईंनाही मुलाने विचारावे. भांड्याला लागलेला भात-वरण शेवटी कोणाला तरी घालायचेच असते, फक्त त्यात कांदा-लसूण फार नसावा, तो कुत्र्याला बाधतो. मात्र स्वतःच्या ताटातली खिचडी बांधून आणायची नाही, हा नियम तुम्ही प्रेमाने पण ठाम लावा. वाढत्या वयाचा मुलगा अर्धपोटी राहतो आहे आणि त्या रुमालाकडे पाहून आपल्याला गहिवरून आले तरी ते चालू देणे बरोबर नाही. आठवडी बाजारात कोंबडीवाल्याकडे माना आणि पाय राहतात, “कुत्र्यासाठी” म्हटले की तो अगदी थोड्या पैशांत देतो. ते उकडून, हाडे काढून, त्याच पाण्यात भाकरी कुस्करून घातली तर खंड्याचे दोन दिवस छान निघतील. शिजलेली हाडे मात्र घालू नयेत, ती फुटून आतड्यात रुततात.

तुम्हाला कोणी संत भगवान बाबा वसतिगृहाचाही सल्ला देईल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये आणलेली ती योजना चांगली आहे आणि पुढे आठवी-नववीला तिचा विचार जरूर करा. पण यंदा, आई दूर जात असताना, या मुलाला घर, वडील आणि खंड्या या तिन्हींपासून एकदम तोडू नये, असे माझे मत आहे. तसेच ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र काढले नसेल तर निघण्यापूर्वी दोघांचेही काढून घ्या.

सासूबाईंशी वाद घालू नका. घरात चार माणसांचे पीठ मळणाऱ्या बाईला पाचवे तोंड दिसते तेव्हा ती जे बोलते ते कठोरपणातून येत नाही, आणि ज्या बाईने आयुष्यभर तुटपुंज्या धान्यात घर चालवले तिचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का असतो. त्यांना मुलाने स्वतः जाऊन दोन गोष्टींचा शब्द द्यावा. एक, खंड्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, त्याची जागा ओसरीच्या खाली गोठ्याकडे राहील. दोन, त्याची थाळी वेगळी राहील, ती मुलगाच घासेल आणि अंगण मुलगाच झाडेल. माळकरी घरात नामदेवांची गोष्ट कोणी कोणाला सांगायची नसते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, हे सासूबाईंनी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वेळा कीर्तनात ऐकले आहे. तुम्ही काही न बोलता नातवाला म्हणा की आज रात्री आजीकडून नामदेवांची गोष्ट ऐक. पुढचे आजी आणि नातू बघून घेतील.

राहिले तुमचे यजमान. धडधाकट माणूस अचानक बसून राहतो, बायको त्याच्या वाटणीचा कोयता उचलते आणि गावात लोक विचारत राहतात, तेव्हा त्याच्या मनात काय चालते ते तो सांगत नाही. मुलगा शाळेत असताना खंड्याला पाणी ठेवणे, सावलीत बांधणे, दुपारी सोडणे, अंगावरच्या गोचिडी काढणे ही कामे त्यांनी करावीत. काठी घेऊन खंड्याबरोबर सकाळ-संध्याकाळ वेशीपर्यंत चालत जाणे डॉक्टरांनी चालायला सांगितले असेल तर पायालाही चांगले. पण माझा हेतू त्याहून वेगळा आहे. मुलगा आज वडिलांशी बोलत नाही, कारण काय बोलावे ते त्याला कळत नाही आणि त्यांनाही कळत नाही. “आज खंड्याने काय केले?” हे दोघांनाही विचारता येईल. जपानमधील अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे टक लावून पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक वाढते. आई बाळाला पाजते तेव्हाही हेच संप्रेरक स्रवते. तेव्हा खंड्या ओसरीजवळ येऊन यजमानांकडे पाहत बसला तर त्याला हाकलू नका.

जाण्यापूर्वी एक काम मात्र कोणत्याही परिस्थितीत करा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन खंड्याला रेबीजची लस टोचून घ्या. ती दर वर्षी टोचावी लागते, तारीख मुलाच्या वहीत लिहून ठेवा. जंताचे औषधही तिथेच मागा आणि नसबंदीची सोय आहे का ते विचारा, म्हणजे खंड्या माजाच्या दिवसांत भटकून दुसऱ्या कुत्र्यांशी भांडणार नाही. मुलगा सतत त्याच्याजवळ असतो, म्हणून यजमानांना आणि सासूबाईंना हे पक्के सांगून ठेवा. खंड्याचा किंवा कोणत्याही कुत्र्याचा दात लागला, ओरखडा उठला, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवायची, त्यावर हळद, चुना, मिरची काहीही लावायचे नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचे. लस तिथे मोफत मिळते, आणि सांगितलेल्या सगळ्या तारखांना जाऊन ती पूर्ण करायची. रेबीज एकदा दिसू लागला की त्यावर उपाय नाही, म्हणून “ओरबाडलेच तर आहे” असे म्हणून थांबायचे नाही.

तुम्ही गेल्यावर मुलाला फोन कराल तेव्हा “जेवलास का, अभ्यास केलास का” या प्रश्नांना तो हो-नाहीच्या पुढे जाणार नाही. आधी खंड्याची चौकशी करा. खंड्या काय खातो, कुठे झोपतो, आजीने त्याला हाकलले की भाकरी टाकली, हे सांगता सांगता तो स्वतःचेही सांगेल. सुरुवातीचे काही दिवस खंड्या कमी खाईल, दाराकडे पाहत बसेल. मुलाला आधीच सांगून ठेवा की तो आजारी नाही, तो मला शोधतो आहे आणि आठवड्याभरात सावरेल.

निघण्याच्या दिवसाबद्दल सांगून थांबते. ट्रॅक्टर सुटले की गावातली कुत्री आपल्या माणसांमागे डांबरी रस्त्यापर्यंत पळत जातात आणि गाड्यांखाली येतात, हे तुम्ही दर वर्षी पाहिले असेल. म्हणून त्या दिवशी पहाटेच खंड्याला गोठ्याच्या मागच्या बाजूला पक्क्या दोरीने बांधा आणि यजमानांना त्याच्याजवळ बसायला सांगा. मुलाचा निरोप वेशीवर गर्दीत घेऊ नका, घरीच घ्या, खंड्याच्या शेजारी. आणि अंगावरची एखादी जुनी साडी न धुता तशीच ठेवून जा. तिचा तुकडा खंड्याच्या झोपण्याच्या जागी अंथरायला मुलाला सांगा, कारण कुत्रा माणसाला वासाने ओळखतो आणि तो वास असला की शांत झोपतो. तो तुकडा तिथे असलेला मुलालाही हवा असेल.